सोलापुरात घर विकायचं आहे? आधी कोणती कामं काढायची आणि कोणती नाहीत

घर विकायचं ठरलं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी रंगाऱ्याला बोलावणं जातं. खरं तर त्याचा नंबर सगळ्यात शेवटी यायला हवा. गळक्या स्लॅबखाली दिलेला रंग पहिल्या पावसात पोपडे टाकतो. गिऱ्हाईक नेमकं त्याच आठवड्यात आलं, तर ताज्या रंगातून डोकावणारी ओल बघून त्याला वाटतं, ह्यांनी झाकलंय. मग बाकीचं चांगलं घरही त्याच्या मनातून उतरतं.

घर बघायला आलेला माणूस तोंडानं काही बोलला नाही तरी मनात एकच बेरीज करत असतो: घेतल्यावर मला अजून किती घालावे लागतील? ही बेरीज तो नेहमी जास्तीचीच धरतो. गच्चीची फट भरायला गवंड्याची दोन दिवसांची मजुरी पुरणार असते, पण छताला डाग दिसला की त्याच्या हिशेबात अख्खा स्लॅब गेलेला असतो. म्हणून विक्रीआधीचे पैसे घालायचे ते ही बेरीज लहान करणाऱ्या कामांत. गळती, पाणी, ओल, वायरिंग आणि कागद ही ती कामं. सजावट त्यात येत नाही.

विकताय काय, घर की जागा?

साखर पेठ, मुरारजी पेठ किंवा जुन्या पेठांतल्या गल्लीत दगड-मातीच्या भिंतींचं, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल, तर घेणारा बहुतेक वेळा जागेसाठी येतो. तो घर पाडणार आहे. अशा घराला नवी फरशी, नवा ओटा, नवा रंग यांतलं काहीही करू नका. त्याऐवजी सिटी सर्व्हेकडून मोजणी करून हद्दी कायम करून घ्या. प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लागली नसतील तर ती लावा, आणि घर झाडून मोकळं करा. पिढ्यान्‌पिढ्यांची अडगळ काढल्यावर जागा मोठी दिसते. माळवद गळत असेल तर वर ताडपत्री टाकली तरी विक्री होईपर्यंत भागतं.

पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, खाली माग आणि वर राहणं अशी घरं पुष्कळ आहेत. माग काढून टाकल्यावर खालच्या फरशीत बोल्टची टोकं आणि तेल मुरलेले काळे पट्टे उरतात. भिंतीला, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यांना, थरथरीमुळे पडलेल्या भेगाही असतात. बोल्ट ग्राइंडरनं फरशीच्या पातळीखाली कापून वर मॉर्टर भरा. तेल मुरलेल्या कोब्यावर नवं सिमेंट धरत नाही, म्हणून तेवढा भाग अर्धा-पाऊण इंच टाचून काढावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागाचं वीजमीटर आणि महापालिकेच्या कर आकारणीतला वापर बघा. राहण्यासाठी घेणाऱ्याला ते दोन्ही निवासी हवे असतात. हा बदल अर्ज देऊन होतो, पण वेळ खातो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे अशा भागांतला बंगला, रो हाउस किंवा फ्लॅट मात्र राहण्यासाठीच घेतला जातो. पुढची बहुतेक चर्चा त्यांच्याबद्दल आहे.

बँकेचा माणूस तुमचा ओटा बघत नाही

ही गोष्ट विकणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येते. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा येतो. तो जागेचा भाव, मंजूर नकाशाप्रमाणे किती बांधकाम आहे आणि ते किती वर्षांचं आहे हे बघतो. वयाप्रमाणे घट धरून आकडा लिहितो. तुम्ही चार लाखांचं मॉड्युलर किचन केलंत म्हणून त्याचा आकडा चार लाखांनी वाढत नाही. मग तुम्ही किंमत वाढवून मागितली की वरची रक्कम घेणाऱ्याला स्वतःच्या खिशातून घालावी लागते, आणि सौदा तिथे अडतो.

नकाशात नसलेली खोली बँक धरत नाही. उलट तिच्यामुळे कर्जच अडकू शकतं. विक्रीच्या तोंडावर गच्चीवर पत्र्याची खोली चढवणं हा म्हणूनच सगळ्यात वाया जाणारा खर्च. आधीच चढवलेली असेल तर आर्किटेक्टला दाखवा, एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ती नियमित होते का ते विचारा. होणार नसेल तर किंमत सांगताना ती खोली मोजू नका.

रंगाच्या डब्याआधी कागदांची फाइल उघडा: खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीच्या शेवटच्या पावत्या, वीजबिल. सगळ्यांवर नाव एकच आणि सारखं लिहिलेलं हवं. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडून विकलेले, प्लॉट बरेच आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट मोकळी झाली. तुमचा प्लॉट त्यात बसत असेल तर नियमितीकरणाचे पैसे हे कुठल्याही टाइल्सपेक्षा चांगले गुंतवलेले पैसे आहेत. नियमित झालेल्या प्लॉटला कर्ज मिळणं सोपं होतं, आणि कर्जावर घेणारं गिऱ्हाईक आलं की तुमची गिऱ्हाइकं वाढतात.

गच्ची: इथे कंजुषी करू नका

सोलापुरात पाऊस कमी, म्हणून गच्चीकडे दुर्लक्ष होतं. पण स्लॅबचं खरं नुकसान ऊन करतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी कोबा हात लावू देत नाही, रात्री तोच थंड होतो. रोजच्या ह्या फुगण्या-आकसण्यानं कोब्याला केसासारख्या फटी पडतात आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी तो भिंतीपासून सुटतो. सप्टेंबरच्या पावसात पाणी तिथूनच आत जातं.

आधी गच्ची झाडून घ्या आणि लहान हातोडीनं फूट-फूट अंतरावर ठोकत चला. घट्ट कोबा टणक वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ भागाला खडूनं वेढा घाला. मग दोन-चार बादल्या पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा आणि तिथेही खूण करा. पाणी पन्हाळीकडे जात नसेल तर वरून कितीही कोटिंग लावा, ते साचलेल्या पाण्याखाली कुजतं. उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच, एवढा तरी हवा.

पोकळ भाग फोडून, धुऊन, विटांच्या तुकड्यांचा कोबा पुन्हा भरायचा. फटी तशाच वरून सिमेंटनं पुसायच्या नाहीत. त्या छिन्नीनं किंवा ग्राइंडरनं साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल उघडायच्या, ब्रशनं धूळ काढायची, पाणी मारायचं आणि एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रावण) घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मॉर्टरनं भरायच्या. नुसतं सिमेंट सुकताना आकसतं आणि फट पुन्हा त्याच जागी उघडते. पॅरापेट आणि गच्ची मिळते तिथे चारी बाजूंनी तीन-तीन इंचांचा वाटा, म्हणजे गोलाई द्यायची. काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन फाटतं, गोलाईवर फाटत नाही. पाइपांच्या मुळाशीही तसाच वाटा हवा.

त्यावर ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा. वाट्यावर आणि मोठ्या फटींवर पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी बसवायची. दोन हातांमधला वेळ पिशवीवर लिहिलेला असतो, तो पाळा. काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा. तापल्या स्लॅबवर लावलेलं कोटिंग वरून लगेच सुकतं, खाली पाणी अडकतं आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. सोलापुरात कोटिंग उलण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, मालाची चूक क्वचित असते.

शेवटी पाणी साठवून चाचणी. दोन इंच पाणी, निदान चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर दोन इंच पाणी म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे जवळजवळ २,८०० लिटर. आपल्याकडे एवढं पाणी ओतणं सोपं नाही, म्हणून गच्चीचे तीन-चार भाग पाडा, मातीचा सहा इंची बांध घाला आणि एका भागाची चाचणी झाली की तेच पाणी पुढच्या भागात सोडा. पन्हाळीत चिंध्या कोंबताना त्यांना दोरी बांधा, नाहीतर त्या पाइपात जाऊन नवंच काम निघतं. खालून छताच्या डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख घाला. डाग रेघेबाहेर गेला तर काम राहिलंय.

वरून पांढरा रंग द्या. बजेट अगदी कमी असेल तर चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात मारले तरी वरच्या मजल्याच्या खोल्यांतला फरक दुपारी जाणवतो. फक्त चुना दरवर्षी द्यावा लागतो आणि तो गळती थांबवत नाही, हे घेणाऱ्यालाही स्पष्ट सांगा.

खालून छताच्या खपल्या पडून लोखंड दिसत असेल तर हे काम साध्या गिलाव्याचं राहत नाही. सळईभोवतीचं सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावं लागतं, वायर ब्रशनं गंज साफ करून गंजरोधक प्रायमर आणि मग पॉलिमर मॉर्टर. गंजलेल्या सळईवर सरळ गिलावा केला तर गंज फुगत राहतो आणि वर्षभरात तोच तुकडा खाली येतो. खपल्या एकापेक्षा जास्त खोल्यांत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. विकताना तो कागदही उपयोगी पडतो.

पाणी

पुण्याचा माणूस पार्किंग विचारतो, सोलापूरचा माणूस विचारतो: पाणी किती दिवसांआड येतं आणि हौद केवढा आहे? उजनी, टाकळी आणि हिप्परगा असे तीन स्रोत असूनही शहरानं कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरलं आहे. घेणाऱ्याच्या मनात ती धास्ती पक्की बसलेली आहे.

हौदाचं माप स्वतः काढून ठेवा. आतली लांबी × रुंदी × पाण्याची खोली फुटांत घेऊन २८.३ नं गुणा, लिटर मिळतात. पाच बाय पाच बाय चारचा हौद २,८३० लिटरचा होतो. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चार माणसांना पाच दिवसांना २,७०० लिटर लागतात. हे दोन आकडे शेजारी-शेजारी सांगता आले की बोलणं पुढे सरकतं. हौद कमी पडत असेल तर अंगणात खोदकाम काढू नका. हजार लिटरची एक प्लास्टिकची टाकी वाढवा, पण ती कॉलम-बीमच्या रेषेवर किंवा भिंतीवर येईल अशी ठेवा. हजार लिटर पाण्याचंच वजन एक टन असतं, ते स्लॅबच्या मध्यावर टाकू नका.

हौद रिकामा करून गाळ काढा, आतून घासून घ्या, पुन्हा भरून पाण्याच्या पातळीला रेघ मारा आणि चोवीस तास बघा. रेघेखाली उतरली तर हौद गळतोय, आणि तेच पाणी जोत्याखाली मुरतंय. झाकण घट्ट हवं. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, फ्लोट आणि मोटर बंद केल्यावर पाणी मागे येतं का ते बघा. बोअर असेल तर किती फूट आहे, मे महिन्यात किती वेळ चालतं हे खरं सांगा. शेजाऱ्याकडून कळतंच.

आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार नळांवर पांढरा थर धरतात, आणि त्यानं पाच वर्षांचं न्हाणीघर पंधरा वर्षांचं दिसतं. तो काढायला ॲसिड वापरू नका. ॲसिडनं नळाचं क्रोम काळं पडतं आणि टाइल्समधली सिमेंटची भरणी खाल्ली जाते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात कापड भिजवा, ते नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रशनं घासा. शॉवरची जाळी त्याच पाण्यात बुडवा. टपकणारा नळ अख्खा बदलण्याआधी आतला स्पिंडल किंवा काट्रिज बदलून बघा.

ओल आणि भेगा

जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत रंग फुगलाय आणि खाली पांढरी भुकटी पडतेय, म्हणजे भिंतीला लोणा लागलाय. ओल जमिनीतून येतेय की हवेतली आहे हे ओळखायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला एक दिवस चिकटवा. भिंतीच्या बाजूनं थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. अशा भिंतीवर पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी बाहेर बघा: नळाचं सांडपाणी, झाडांचं आळं, फुटकी ड्रेनेजची चेंबर यांतलं काहीतरी भिंतीशी पाणी धरून असतंच. ते बंद करा, खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढा, लागतील तेवढे दिवस भिंत उघडी वाळू द्या आणि मग वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला गिलावा करा. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत भिंत वाळते. पावसाळ्यात वाळत नाही.

काळ्या मातीवरच्या घरांची भेगांची गोष्ट वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फटते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. कॉलम-बीम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ बारीक रेघ चिंतेची नसते. ती उघडून जाळी लावून भरली की झालं. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, एका टोकाला रुंद होणारी भेग मात्र पायाबद्दल बोलतेय. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि दोन महिने बघा. वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा, भरून झाकू नका. वाढत नसेल तर भरा आणि घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी जोत्याशी थांबणार नाही.

वीज

वायरमनकडून तीन गोष्टी करून घ्या. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), घराला एक ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगची तपासणी. आपली जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की चांगली अर्थिंगही तेव्हा नावापुरती उरते. खड्ड्याचं तोंड मोकळं करून पाणी घालायची सोय ठेवा. एसी आणि गीझरच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची तार हवी, साध्या प्लगला अडीच, दिव्यांना दीड. हॉल आणि बेडरूमच्या खिडकीजवळ कूलरचा पॉइंट नसेल तर तेवढा काढा. सोलापुरात तो पहिल्या दिवशी लागतो. पिवळे पडलेले स्विच बदलणं स्वस्त आहे आणि लगेच दिसतं. फक्त विक्रीसाठी म्हणून सोलर पॅनेल बसवू नका. आधीच असतील तर अनुदानाची आणि नेट मीटरची कागदपत्रं फाइलमध्ये लावा.

फरशी, ओटा, न्हाणीघर

शहाबादी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घालाव्यात का, हा प्रश्न हटकून येतो. आमचं उत्तर नाही असं आहे. जुन्यावर नवी फरशी चढवली की दारं खालून कापावी लागतात, न्हाणीघराचा उंबरा बुडतो, आणि घेणारा टाइल्स त्याच्या आवडीच्या घालतोच. शहाबादी उन्हाळ्यात पायाला गार लागते, हा तिचा गुणच आहे. हललेल्या फरश्या तेवढ्या नव्यानं बसवा, सांधे भरा आणि मशीननं पॉलिश करून घ्या. पॉलिशचा राडा भिंतीवर फूटभर उडतो, म्हणून ते रंगाआधी. एक लक्षात ठेवा: शहाबाद, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर ॲसिड, टॉयलेट क्लीनर, अगदी लिंबू पडलं तरी तो भाग फेसाळतो आणि कायमचा फिका, खरबरीत होतो. विक्रीआधी ‘चकाचक’ करायला आणलेल्या ॲसिडनं सगळी फरशी नासलेली घरं पुष्कळ आहेत.

कडप्प्याचा ओटा धड असेल तर राहू द्या. सिंक, नळ आणि सिंकच्या कडेची सिलिकॉनची भरणी बदला. ओट्याखालचं दार मोडलं असेल तर तेवढंच. न्हाणीघरात टाइल्स पोकळ वाजत नसतील तर फोडू नका. सांध्यांतली जुनी भरणी दोन-तीन मिलिमीटर खरवडून इपॉक्सी भरा. ती डाग धरत नाही आणि ओलही खाली जाऊ देत नाही. फुगलेलं लाकडी दार काढून पीव्हीसीचं किंवा फायबरचं बसवा. दाराची खालची कुजलेली कड हात न लावताही नजरेत भरते.

रंग

आता रंगाऱ्याला बोलवा. भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ कार्पेट क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या जागेच्या) साधारण साडेतीनपट धरतात. आठशे चौरस फुटांच्या घराला सुमारे २,८०० चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे साठ चौरस फूट धरले तर ४५ ते ४७ लिटर इमल्शन लागेल. पूर्ण भिंतींना पुट्टी करायची तर किलोला दोन हातांत दहा ते पंधरा चौरस फूट होतात, म्हणजे ४० किलोच्या पाच ते सात पिशव्या. पण चांगल्या भिंतींना पूर्ण पुट्टीची गरज नसते, फक्त भरलेल्या भेगा आणि नवा गिलावा एवढ्यालाच लावा. हे गणित करूनच मटेरियल आणा. ‘मजुरीसह ठोक’ काम देणार असाल तर किती हात आणि कोणता रंग हे कागदावर लिहून घ्या.

जुन्या घरांत चुन्याचे पाच-सहा थर असतात. त्यावर सरळ इमल्शन मारलं तर ते सुकताना खालचा चुना ओढून घेतं आणि कातड्यासारखं सोलून येतं. पत्र्यानं खरवडून, सॅंडपेपर मारून, धुऊन, प्रायमर द्यावाच लागतो. छत पांढरं, भिंती एकाच फिक्या रंगाच्या. देव्हाऱ्याची केशरी भिंत, मुलांच्या खोलीतली चित्रं पुसून टाका. बाहेरून पूर्ण रंगाला पैसे नसतील तर निदान दर्शनी भाग, कंपाउंडची भिंत आणि गेट करा. गेटच्या बिजागऱ्यांना तेल द्या.

ज्याला हात लावायचा नाही

फॉल्स सीलिंग नको. उंची कमी होते, आणि वर गळती लपवलीय अशी शंका येते. वॉलपेपर, महागडी झुंबरं, मॉड्युलर किचन नको. वास्तूसाठी संडास हलवणं, मुख्य दार फिरवणं नको. एकाच्या वास्तुतज्ज्ञाला पटलेलं दुसऱ्याच्या वास्तुतज्ज्ञाला पटेलच असं नाही, आणि ड्रेनेज फिरवल्यावर उतार चुकून तुंबण्याचं दुखणं मात्र पक्कं लागतं. फ्लॅट असेल तर गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या आहेत. तिथे स्वतःचे पैसे घालण्याऐवजी सोसायटीला लेखी कळवा आणि थकबाकी नसल्याचं पत्र घ्या.

किती, कधी आणि पावत्या

काम काढण्याआधी त्याच भागातल्या दोन एजंटांना घर दाखवा. आहे तसं किती येईल आणि गळती-ओल काढून, रंग देऊन किती येईल, असे दोन आकडे विचारा. दोन्ही आकड्यांमधल्या फरकाच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च येत असेल तर काम छाटा. बाकी अर्ध्यात तुमचा वेळ, भाव तोडणं आणि कामात निघणारी अडचण यांची जागा असते.

क्रम असा: कागद आणि अर्ज, गच्ची, नळ-ड्रेनेज, वायरिंग, गिलावा, वाळायला वेळ, फरशीचं पॉलिश, रंग, स्वच्छता. गच्ची फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर एक पावसाळा तिची परीक्षा घेतो आणि दसरा-दिवाळीला तुम्ही खात्रीनं बोलू शकता. दिवाळीआधी रंगारी मिळत नाहीत, तेव्हा गणपतीतच तारीख घ्या. पितृपंधरवड्यात इसार द्यायला बरेच जण तयार नसतात. पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचा महिना घर दाखवायला चांगला. दाखवायचं ते सकाळी. मे महिन्यात दुपारी तीनला वरचा मजला दाखवू नका.

प्रत्येक कामाचं पक्कं बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेलं घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ आधी घेतलेलं घर असेल तर भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. नफा काढताना कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च, जसं नवी खोली, बोअर, कंपाउंड, वजा होतो. रंग आणि किरकोळ डागडुजी सहसा धरली जात नाही. १ एप्रिल २००१ आधीचा सुधारणा खर्चही नाही. इसाराच्या वेळी वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेऊ नका, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या रात्री हौद आणि वरची टाकी भरून ठेवा. त्याच्यासमोर दोन नळ एकदम उघडा, फ्लश ओढा, आरसीसीबीचं बटण दाबून वीज बंद होते का ते दाखवा, आणि गच्चीवर न्या. चाचणीच्या वेळी छतावर मारलेल्या पेन्सिलीच्या रेघेचा तारखेसह फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही तिथेच उघडा. वरून पाणी, खालून कोरडं छत आणि खाली फाइलमधलं गवंड्याचं बिल, एवढं बघितल्यावर तो भावाचं बोलायला खाली खुर्चीवर बसतो.